उत्तेजक द्रव्यं, सायकोसिस आणि मेंदूची संवेदन-प्रक्रिया: स्त्री-पुरुषांत काय वेगळं घडतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न प्रामुख्याने तीन प्रकारचे लोक विचारतात: रुग्णाच्या घरची माणसं, मानसोपचार किंवा मेंदूविज्ञान शिकणारे विद्यार्थी, आणि एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) गोळ्या घेणारे. काही उत्तरं घरच्यांच्या जास्त कामाची आहेत, काही प्रयोगशाळेत बसणाऱ्यांच्या. एक मुद्दा मात्र जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल: स्त्रीच्या मेंदूची तुलना निरोगी स्त्रीशी करायची, आणि तीही पाळीच्या त्याच टप्प्यातल्या. हे सोडलं की बाकीचे आकडे दिशाभूल करतात.

संवेदन-प्रक्रिया बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

कान, डोळे आणि त्वचा यांच्याकडून मेंदूकडे सतत माहिती येत असते. तिच्यातला अगदी थोडा भाग जाणिवेपर्यंत पोचतो. पंख्याची घरघर, अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श, पलीकडच्या खोलीतलं बोलणं हे सगळं मेंदू वाटेतच दाबून टाकतो. थॅलॅमस, श्रवण-कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा कॉर्टेक्स हे मेंदूचे भाग मिळून ही गाळणी चालवतात. सायकोसिसमध्ये (भास, भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची अवस्था) ती सैल पडते. मॅकगी आणि चॅपमन यांनी १९६१ साली स्किझोफ्रेनियाच्या (सायकोसिस येणारा दीर्घकालीन मानसिक आजार) सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचं म्हणणं नोंदवून ठेवलं. आवाज मोठे वाटतात, रंग भडक दिसतात, बिनमहत्त्वाच्या गोष्टीही लक्ष खेचून घेतात, हा त्याचा सूर होता.

याला दुसरी बाजू आहे ती अंदाजाची. पुढे काय ऐकू येणार, काय दिसणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि आलेल्या संवेदनेशी तो ताडून पाहतो. आपण स्वतः बोलतो तेव्हा श्रवण-कॉर्टेक्सची प्रतिक्रिया त्यामुळेच कमी होते, कारण तो आवाज अपेक्षित असतो. स्किझोफ्रेनियात ही घट कमी पडते. स्वतःच्याच मनातले शब्द परक्याचे वाटण्यामागे हे एक कारण मानलं जातं.

उत्तेजक द्रव्यांचा यात संबंध कुठे येतो?

कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट ही सगळी द्रव्यं मेंदूतलं डोपामिन हे संदेशवाहक रसायन वाढवतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी. कोकेन आणि मिथाइलफेनिडेट डोपामिन परत आत ओढून घेणारा वाहक अडवतात. अ‍ॅम्फेटामिन आणि मेथॅम्फेटामिन (मेथ) त्या वाहकाला उलटं चालवतात आणि चेतापेशीतल्या साठ्याच्या पिशव्यांमधलं डोपामिनही बाहेर ढकलतात. शिवाय मेथ शरीरात बराच वेळ राहतं. त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे १० ते १२ तास, कोकेनचं साधारण एक तास. मेथनंतरचा संशय आणि भास लांबतात ते यामुळेच.

डोपामिन स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतला, बक्षीस आणि सवयी सांभाळणारा भाग) वाढलं की बिनमहत्त्वाच्या संवेदनेलाही महत्त्व चिकटतं. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये हा विचार नीट मांडला: डोपामिन ‘हे महत्त्वाचं आहे’ असा शिक्का मारतं, आणि तो शिक्का भलत्याच ठिकाणी बसायला लागला की त्यातून भ्रम उभा राहतो. २०२१ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात स्ट्रायटमच्या मागच्या टोकाशी डोपामिन वाढवल्यावर, आवाज नसताना तो ऐकू आल्याची खात्री असल्यासारखं उंदीर वागू लागले. उत्तेजक द्रव्यातून श्रवणभासापर्यंत जाणारा रस्ता इतक्या थेटपणे क्वचितच दाखवला गेला आहे.

हा बिघाड मोजतात कसा?

तीन चाचण्या सर्वाधिक वापरात आहेत. त्या एकच गोष्ट मोजतात असा समज दिसतो, तो बरोबर नाही.

पी५० मध्ये ईईजी (डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारी तपासणी) लावून ५०० मिलिसेकंदांच्या अंतरानं दोन टिकटिक आवाज ऐकवतात, मग ८ ते १० सेकंद थांबून पुढची जोडी. डोक्याच्या मध्यावरच्या इलेक्ट्रोडवर आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी उठणारी लाट मोजतात. निरोगी मेंदू दुसऱ्या आवाजाची लाट दाबतो. दुसरी लाट भागिले पहिली लाट हे गुणोत्तर काढलं जातं. बऱ्याच ठिकाणी ०.५ ही ढोबळ सीमा धरतात. कोलोरॅडोत अ‍ॅडलर आणि फ्रीडमन यांच्या गटानं १९८० च्या दशकात ही पद्धत स्किझोफ्रेनियासाठी रुळवली. यातली मोठी अडचण अशी की पहिलीच लाट लहान असेल तर गुणोत्तर आपोआप वाढतं आणि गाळणी बिघडल्याचा भास होतो. म्हणून नुसतं गुणोत्तर न देता दोन्ही लाटांची उंची वेगवेगळी द्यायला हवी. मान आणि कपाळाचे स्नायू ताठ असले तरीही ही छोटी लाट गढूळ होते.

पीपीआय म्हणजे दचकणं आवरण्याची चाचणी. ७० डेसिबलच्या सततच्या गोंगाटात साधारण ११५ डेसिबलचा ४० मिलिसेकंदांचा धक्का देतात आणि डोळ्याखालच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून पापणी किती जोरात मिटते ते मोजतात. काही वेळा धक्क्याच्या ३० ते १२० मिलिसेकंद आधी हलका आवाज देतात. त्यामुळे दचकणं कमी व्हायला हवं. १०० वजा (हलक्या आवाजासह आलेली प्रतिक्रिया भागिले नुसत्या धक्क्याची प्रतिक्रिया, गुणिले १००) असं हे सूत्र. स्किझोफ्रेनियातली घट ब्रॅफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवली. जी व्यक्ती मुळातच फारशी दचकत नाही तिची टक्केवारी निरर्थक असते. अशांना वगळायचा नियम आकडे पाहण्याआधी ठरवावा. धक्के वारंवार दिले की माणूस सरावतो, म्हणून जोड्यांचा क्रम मिसळून ठेवावा लागतो.

एमएमएन मध्ये एकसारख्या आवाजांच्या मालिकेत १० ते २० टक्के आवाज थोडे वेगळे, उदाहरणार्थ जास्त लांब, टाकतात. मेंदूची ‘हे वेगळं आहे’ ही प्रतिक्रिया १०० ते २५० मिलिसेकंदांत दिसते. ऐकणाऱ्यानं लक्ष देण्याची गरज नसते, तो मूकपट पाहत बसला तरी चालतं, ही तिची जमेची बाजू. केटामिनसारखी एनएमडीए ग्राहक (चेतापेशीवरची, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन चिकटतं ती जागा) अडवणारी द्रव्यं एमएमएन ठळकपणे कमी करतात. म्हणजे ही चाचणी डोपामिनपेक्षा ग्लुटामेटबद्दल जास्त सांगते. उत्तेजक द्रव्यांचा परिणाम शोधताना फक्त एमएमएन मोजून ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

निरोगी स्त्री-पुरुषांतही हे आकडे वेगळे असतात का?

हो. पुरुषांचा पीपीआय सरासरीनं स्त्रियांपेक्षा जास्त असतो, विशेषतः आधीचा आवाज हलका असताना. स्वर्डलो यांच्या गटानं १९९३ मध्ये हे दाखवलं. पी५० मध्येही दुसरा आवाज दाबण्याची क्षमता निरोगी स्त्रियांत कमी दिसल्याची नोंद १९९६ सालची आहे.

याचा अर्थ स्त्रियांचा मेंदू आजाराच्या जवळ असतो असा अजिबात नाही. पीपीआय कमी असणं म्हणजे सायकोसिस नव्हे. ज्यांचा आकडा कमी आहे अशा असंख्य स्त्रिया पूर्णपणे निरोगी असतात. सरासरीतला फरक आणि एखाद्या व्यक्तीची अवस्था या दोन गोष्टी इथे सर्वात जास्त गोंधळल्या जातात.

पाळीच्या टप्प्यांनी फरक पडतो का?

पडतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पाळी सुरू झाल्यापासून अंडोत्सर्गापर्यंतच्या पूर्वार्धात पीपीआय पुरुषांच्या जवळपास असतो. उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं असताना, तो खाली येतो. उत्तेजकांची जाणीवही बदलते. १५ मिलिग्रॅम डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन घेतलेल्या निरोगी स्त्रियांनी पूर्वार्धात जास्त तरतरी आणि जास्त आनंद नोंदवला, हे १९९९ मध्ये जस्टिस आणि डी विट यांनी दाखवलं. कोकेनच्या बाबतीत प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं तर स्त्रियांमध्ये ‘छान वाटणं’ उतरतं. पुरुषांत तसा परिणाम दिसत नाही.

तारखेवरून टप्पा ठरवणं पुरेसं नसतं, कारण पाळी सगळ्यांची २८ दिवसांची नसते आणि प्रत्येक पाळीत अंडोत्सर्ग होतोच असंही नाही. लघवीतल्या एलएचची (अंडोत्सर्ग घडवणारं हार्मोन) पट्टी आणि उत्तरार्धात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर, एवढं तरी तपासावं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा गट वेगळा ठेवावा. त्यांच्यात हा चढउतारच नसतो.

इस्ट्रोजेन डोपामिन वाढवतं की आवरतं? दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही खरं आहे. कुठे आणि किती काळ, यावर ते ठरतं.

उंदीर-घुशींमध्ये इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन स्ट्रायटममधलं डोपामिन वाढवतं, आणि तेही अर्ध्या तासाच्या आत. जिल बेकर यांनी यावर दीर्घकाळ काम केलं आहे. अंडाशय काढलेल्या मादीची अ‍ॅम्फेटामिनला येणारी प्रतिक्रिया मंदावते, इस्ट्रोजेन दिलं की ती परत येते. एकाच डोसवर माद्या नरांपेक्षा जास्त धावपळ करतात आणि कोकेन स्वतःहून घ्यायला लवकर शिकतात.

पण त्याच मादी उंदरांत मेथमुळे होणारी डोपामिन चेतातंतूंची हानी नरांपेक्षा कमी असते. म्हणजे वागणुकीतली प्रतिक्रिया मोठी आणि पेशींची झीज लहान. ‘स्त्रियांवर परिणाम जास्त की कमी’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते इथे स्पष्ट होतं: काय मोजलं, हे आधी विचारावं लागतं. दीर्घकाळ पाहिलं तर इस्ट्रोजेन डोपामिन ग्राहकांची संवेदनशीलता जुळवून घेतं, चेतापेशींचं रक्षण करतं आणि सेरोटोनिन व ग्लुटामेटवरही काम करतं. सायकोसिसपासून मिळणारं संरक्षण या दुसऱ्या बाजूचं आहे असं मानलं जातं.

माणसांतही स्त्रियांमध्ये डोपामिन जास्त सुटतं का?

इथे प्राण्यांचं चित्र जसंच्या तसं लागू होत नाही. मन्रो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निरोगी लोकांना वजनाच्या प्रति किलोला ०.३ मिलिग्रॅम अ‍ॅम्फेटामिन देऊन पेट स्कॅन केला, तेव्हा स्ट्रायटमच्या खालच्या भागात पुरुषांमध्ये जास्त डोपामिन सुटलं. विरोध वाटतो, पण कारणं समजण्यासारखी आहेत. प्रयोगातल्या प्राण्यांना बऱ्याचदा अंडाशय काढून ठरावीक हार्मोन दिलेलं असतं, त्यांच्या चक्राचे चार-पाचच दिवस असतात आणि पेट स्कॅनमध्ये जे दिसतं ती डोपामिन आणि टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य यांच्यातली ग्राहकावरच्या जागेसाठीची स्पर्धा असते, डोपामिन थेट दिसत नाही. एखाद्या बातमीत ‘मादी उंदीर जास्त संवेदनशील, म्हणून स्त्रियांना धोका जास्त’ असं वाक्य आलं तर मधली ही पायरी गाळलेली आहे असं समजावं.

व्यसनाच्या बाबतीत मात्र एक निरीक्षण पुन्हा पुन्हा येतं: उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये पहिल्या वापरापासून व्यसन जडेपर्यंतचा काळ पुरुषांपेक्षा छोटा असतो.

उत्तेजक घेतल्यावर या चाचण्यांत काय दिसतं?

अ‍ॅम्फेटामिननं निरोगी लोकांतही पी५० ची गाळणी सैल होते. प्रति किलो ०.३ मिलिग्रॅम डोसवर हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. कोकेनचं जुनं व्यसन असलेल्यांत, नशा उतरलेली असतानाही, पी५० बिघडलेलं आढळतं. पीपीआयचं चित्र गुंतागुंतीचं आहे. घुशींमध्ये अ‍ॅम्फेटामिन आणि अ‍ॅपोमॉर्फिन (डोपामिनसारखं काम करणारं द्रव्य) तो हमखास पाडतात आणि हॅलोपेरिडॉल हे सायकोसिसवरचं औषध अ‍ॅपोमॉर्फिनचा परिणाम उलटवतं. माणसांत मात्र सुरुवातीचा आकडा निर्णायक ठरतो. ज्यांचा पीपीआय आधी उंच आहे त्यांचा तो अ‍ॅम्फेटामिननं उतरतो, ज्यांचा कमी आहे त्यांचा वाढूही शकतो.

आता हे आधीच्या उत्तराशी जोडून पाहा. स्त्रियांची सुरुवातच सरासरीनं खालून होते. मग त्याच गोळीनं पुरुषांत घट आणि स्त्रियांत काहीच नाही किंवा वाढ दिसली, तर तो लिंगाचा फरक की सुरुवातीच्या पातळीचा? सुरुवातीचा आकडा सारखा असलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना केल्याशिवाय हे सांगता येत नाही. आमच्या मते या विषयावरच्या बऱ्याच परस्परविरोधी निष्कर्षांचं मूळ इथेच आहे.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत स्त्री-पुरुष फरक कसा दिसतो?

आजार सुरू होण्याच्या वयात तो सर्वात ठळक आहे. पुरुषांत बहुधा १८ ते २५, स्त्रियांत २५ ते ३५, आणि स्त्रियांमध्ये ४५ नंतर पुन्हा एक छोटा उंचवटा. मानहाइमचे हाइंझ हेफ्नर यांनी यावरूनच इस्ट्रोजेनच्या संरक्षणाची कल्पना पुढे नेली. पुरुषांत आजाराचं प्रमाण स्त्रियांच्या सुमारे १.४ पट. पुरुषांमध्ये अलिप्तपणा, बोलणं आणि इच्छा आटणं जास्त. स्त्रियांमध्ये मनःस्थितीचे चढउतार जास्त.

पीपीआयमधली घट काही अभ्यासांत पुरुष रुग्णांमध्येच सापडली. त्यामागे स्त्री रुग्णांची गाळणी शाबूत आहे हे कारण असेलच असं नाही. निरोगी स्त्रियांचा आकडाच खाली असल्यानं घसरायला जागा कमी उरते, हेही कारण असू शकतं. पाळीचा टप्पा नोंदवलेला नसेल तर दोन्ही शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

उत्तेजकांमुळे आलेला सायकोसिस आणि स्किझोफ्रेनिया वेगळे कसे ओळखायचे?

एका भेटीत खात्रीनं ओळखता येत नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९५८ साली कॉनेल यांनी अ‍ॅम्फेटामिन सायकोसिसचं वर्णन केलं तेव्हाच तो पॅरानॉइड स्किझोफ्रेनियापासून वेगळा काढणं कठीण असल्याचं लक्षात आलं होतं. तरी काही खुणा मदत करतात. त्वचेखाली किडे वळवळतात असं वाटणं, त्यामुळे खाजवून पडलेल्या जखमा, दिसणारे भास, दात करकरणं, बाहुल्या मोठ्या होणं आणि नाडी जलद असणं या उत्तेजकाकडे बोट दाखवतात. बाहुल्या पसरल्यानं साधा उजेडही डोळ्यांत खुपतो. तो संवेदन-प्रक्रियेचा बिघाड नाही, डोळ्याचाच परिणाम आहे. विचारांचा विस्कळीतपणा आणि महिनोन्‌महिने वाढत गेलेला एकलकोंडेपणा स्किझोफ्रेनियाकडे झुकतात.

झोपेचा हिशेब जरूर विचारा. एक रात्र पूर्ण जागून काढली तरी निरोगी माणसाचा पीपीआय उतरतो आणि सायकोसिससारखे सौम्य अनुभव येतात. मेथ घेणारा दोन-तीन रात्री जागलेला असतो, तेव्हा द्रव्य किती आणि जागरण किती हे वेगळं करणं अवघड होतं.

लघवीच्या तपासणीत अ‍ॅम्फेटामिन साधारण दोन ते चार दिवस दिसतं. पण पट्टीची प्राथमिक तपासणी फसते: स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं, ब्युप्रोपियॉन आणि लॅबेटॅलॉल यांनी ती खोटी सकारात्मक येऊ शकते. लॅबेटॅलॉल गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी वापरतात, म्हणून गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावं. उलट मिथाइलफेनिडेट नेहमीच्या अ‍ॅम्फेटामिन पट्टीवर दिसत नाही. निर्णय महत्त्वाचा असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या नेमक्या तपासणीनं खात्री करून घ्यावी.

तो किती दिवसांत ओसरतो? पुढे स्किझोफ्रेनिया होतो का?

द्रव्य थांबवल्यावर बहुतेकांची लक्षणं काही दिवसांत ते आठवड्याभरात उतरतात. महिनाभर द्रव्याशिवाय राहूनही लक्षणं टिकली तर डॉक्टर स्वतंत्र मानसिक आजाराचा विचार करतात. २०२० च्या एकत्रित विश्लेषणात अ‍ॅम्फेटामिनमुळे सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. बाकीच्यांचा धोका संपला असं नाही: एकदा सायकोसिस येऊन गेला की पुढच्या वेळी कमी प्रमाणातल्या मेथनं, कधी नुसत्या तीव्र ताणानंही, तो परत उफाळू शकतो. युद्धोत्तर जपानमधल्या मेथच्या साथीनंतर तिथल्या डॉक्टरांनी हे बारकाईनं नोंदवलं आहे.

एडीएचडीसाठी गोळ्या चालू आहेत. घाबरायला हवं का?

नाही, पण लक्ष ठेवायला हवं. १३ ते २५ वयाच्या, नव्यानं उत्तेजक औषध सुरू केलेल्यांच्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे ६६० पैकी एकाला सायकोसिस झाला. मिथाइलफेनिडेटच्या गटात ०.१० टक्के, अ‍ॅम्फेटामिनच्या गटात ०.२१ टक्के. २०२४ च्या अभ्यासात दिवसाला ३० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनएवढा किंवा त्याहून मोठा डोस घेणाऱ्यांत शक्यता पाचपटीहून जास्त होती. म्हणून घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलर असेल तर सुरुवातीलाच सांगा, आणि डोस स्वतःहून वाढवू नका. पाळीआधीच्या आठवड्यात औषध ‘लागत नाही’ असं काही स्त्रियांना जाणवतं. तेव्हा जास्तीची गोळी न घेता दोन-तीन पाळ्यांची नोंद करून डॉक्टरांना दाखवावी. आवाज अचानक मोठे वाटणं, नावानं हाक मारल्यासारखं वाटणं, लोक आपल्याबद्दल बोलतात अशी शंका: यांतलं काही सुरू झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

तीव्र अवस्थेत घरच्यांनी काय करावं?

बिघडलेली गाळणी लक्षात ठेवून वागा. टीव्ही बंद, दिवा मंद, खोलीत एकच माणूस बोलणारा. वाक्यं छोटी, आवाज खालचा. हात लावण्याआधी सांगा. भास खोटे आहेत हे पटवायला जाऊ नका आणि त्यांना दुजोराही देऊ नका. ‘तुला भीती वाटतेय हे कळतंय’ एवढं म्हणणं पुरतं. दाराची वाट अडवून उभं राहू नका.

अंग खूप तापलेलं असणं, छातीत दुखणं, फेफरं, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही दिसलं तर ताबडतोब दवाखान्यात न्या. तोवर अंग ओल्या कपड्यानं पुसून वारा घाला. पोटावर पालथं दाबून धरू नका, श्वास कोंडतो. एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावानं ओळखलं जाणारं नशेचं द्रव्य) घेतलं असण्याची शंका असेल तर भरमसाट पाणी पाजू नका: रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते आणि हा धोका तरुण स्त्रियांमध्ये स्पष्टपणे जास्त आहे. दवाखान्यात सहसा आधी बेंझोडायझेपिन देऊन शांत करतात, गरज असेल तर मग अँटिसायकोटिक (सायकोसिसवरचं औषध).

स्त्री आणि पुरुषांना औषधाचा डोस वेगळा लागतो का?

बऱ्याचदा लागायला हवा, पण छापील डोस एकच असतो. ओलान्झापिन हे अँटिसायकोटिक स्त्रियांच्या शरीरातून सुमारे ३० टक्के हळू बाहेर पडतं. त्याच प्रकारच्या क्लोझापिनची पातळीही त्याच डोसवर स्त्रियांत जास्त भरते. ही औषधं यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम फोडतं. स्त्रियांत ते कमी कामसू असतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी आणखी मंदावतं.

याउलट सिगारेटच्या धुरानं ते वेगवान होतं. धूर बंद झाला की आठवड्याभरात क्लोझापिन रक्तात दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. हे धुरातल्या डांबरी रसायनांमुळे होतं, निकोटिनमुळे नव्हे. त्यामुळे निकोटिनची पट्टी लावली तरी डोस कमी करावाच लागतो. निकोटिनचा वेगळा परिणाम पी५० वर आहे: ते चेतापेशींवरचे अल्फा-७ ग्राहक (निकोटिन चिकटतं त्या जागा) चेतवून गाळणी थोडा वेळ सुधारतं, सिगारेटनंतर साधारण अर्धा तास. चाचणीआधी शेवटची सिगारेट कधी ओढली हे विचारलं नाही तर निकाल वाया जातो.

दुष्परिणामही वाटले गेले आहेत. मान-जबडा अचानक आखडणं तरुण पुरुषांत जास्त. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढून पाळी थांबणं स्त्रियांत. ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) स्त्रियांचं मुळातच लांब असतं, आणि औषधांनी ते वाढून येणारा जीवघेणा ठोक्यांचा बिघाड बहुसंख्येनं स्त्रियांनाच होतो. कोकेन किंवा मेथ घेतलेल्या स्त्रीला हॅलोपेरिडॉल देण्याआधी ईसीजी आणि पोटॅशियम पाहणं म्हणूनच गरजेचं.

मग इस्ट्रोजेन हेच औषध म्हणून का देत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. मेलबर्नच्या जयश्री कुलकर्णी यांच्या गटानं २००८ मध्ये १०२ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधाला जोडून १०० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिऑलची पट्टी २८ दिवस लावल्यावर भास आणि भ्रम जास्त उतरले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानं २०० स्त्रियांवर २०० मायक्रोग्रॅमची पट्टी आठ आठवडे वापरली; फायदा मिळाला, पण तो मुख्यतः ३८ वर्षांवरच्यांना. नुसतं इस्ट्रोजेन दीर्घकाळ दिलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढतं, रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न येतो. रॅलॉक्सिफेनसारख्या (इस्ट्रोजेनच्या ग्राहकांवर काम करणारं औषध) पर्यायांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. हे उपचार मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखालीच व्हावेत.

इस्ट्रोजेन घसरण्याचे काळ मात्र सगळ्यांनी ओळखून ठेवावेत. बाळंतपणानंतर दर हजारी एक ते दोन स्त्रियांना सायकोसिस होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. ती तातडीची वेळ असते, आई आणि बाळ दोघांसाठी. पाळीआधीचे दिवस आणि रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षं हेही लक्षणं बळावण्याचे काळ आहेत.

या विषयावरचा अभ्यास वाचताना कुठे फसायला होतं?

सर्वात नेहमीची चूक अशी: पुरुषांत पी मूल्य (खरा फरक नसताना योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता; सहसा ०.०५ च्या खाली असेल तर फरक धरतात) ०.०३ आलं, स्त्रियांत ०.०९, म्हणून ‘परिणाम फक्त पुरुषांत’. हे सिद्ध होत नाही. दोन गटांतल्या परिणामांची थेट एकमेकांशी तुलना, म्हणजे लिंग आणि औषध यांची आंतरक्रिया, तपासलेली असायला हवी. मुख्य परिणामाएवढीच मोठी आंतरक्रिया पकडायलाही सुमारे चौपट माणसं लागतात. प्रत्येक गटात १२ जण घेऊन स्त्री-पुरुष फरक शोधणारा अभ्यास चुकून बरोबर ठरू शकतो, भरवशाचा नाही.

दुसरी अडचण जुनी आहे. मेंदूविज्ञानात फक्त नर प्राणी वापरलेले अभ्यास फक्त मादी वापरलेल्या अभ्यासांच्या ५.५ पट होते, असं २०११ मध्ये बीअरी आणि झुकर यांनी मोजलं. चक्रामुळे माद्यांचे आकडे जास्त विखुरतात, हे त्याचं नेहमीचं समर्थन. २०१४ च्या विश्लेषणात ते टिकलं नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०१६ पासून प्राण्यांच्या अभ्यासातही लिंगाचा विचार बंधनकारक केला. त्याआधीचे निष्कर्ष वाचताना ‘उंदीर’ म्हणजे बहुधा नर उंदीर, असं धरून चालावं.

शेवटी पद्धत-विभाग उघडून पाहा: श्रवणक्षमता तपासली का, सिगारेट आणि कॉफीची वेळ नोंदवली का, लघवीतपासणी चाचणीच्याच दिवशी झाली का, पाळीचा टप्पा रक्तावरून ठरवला की तारखेवरून, न दचकणारे किती जण वगळले.

ही चाचणी करून निदान पक्कं करता येईल का?

नाही. पी५०, पीपीआय आणि एमएमएन गटांतला फरक दाखवतात. एका व्यक्तीच्या आकड्यावरून आजार ठरवता येत नाही, कारण निरोगी आणि आजारी लोकांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. कुणी अशी चाचणी विकत देऊन ‘स्किझोफ्रेनिया आहे की नाही’ सांगत असेल तर पैसे देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना कोणती माहिती सोबत न्यावी?

द्रव्याचं नाव, किती दिवस, शेवटचं कधी घेतलं, ओढलं की गिळलं की टोचून घेतलं. गेल्या सात रात्रींची झोप, तासांत. चालू असलेली सगळी औषधं, सर्दीची आणि गर्भनिरोधक धरून. दिवसाला किती सिगारेटी, आणि नुकत्याच कमी केल्या का. स्त्री असेल तर शेवटच्या पाळीची तारीख, गरोदरपण किंवा बाळंतपण, आणि लक्षणं पाळीआधी वाढतात का. कोणत्या संवेदनेत बदल आधी जाणवला ते वेगळं लिहा: ऐकू येणं, दिसणं, त्वचेवरचा स्पर्श की वास, आणि तो द्रव्य घेण्याच्या आधीपासून होता का, हेही.